कपाशीचा धागा लांबतो, फुगत का नाही? : पार्श्वभूमी

सरकीवरचा एकेक धागा म्हणजे एकेक पेशी. अमेरिकन कपाशीत ती २८-३० मिलिमीटरपर्यंत लांबते, जाडी मात्र १५-२० मायक्रॉनच्या आसपासच राहते. आतल्या पाण्याचा दाब तर चहूबाजूंनी सारखाच रेटतो. मग सगळी वाढ लांबीतच का?

पहिला धागादोरा १९६२ साली गोड्या पाण्यातल्या शेवाळाने दिला. कोल्चिसीन हे वनस्पतीतून मिळणारं विष घातलं की त्याची लांबोळकी पेशी गोल फुगू लागे. भिंतीतले सेल्युलोजचे तंतू पिंपाच्या कड्यांसारखे आडवे बसले की पेशीला फुगता येत नाही, फक्त लांबता येतं; ते तसे बसवणारं काहीतरी आत असणार, असा तर्क निघाला. पुढच्याच वर्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपटलाला आतून खेटून असलेल्या सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांच्या बारीक पोकळ नळ्या, दिसल्या, बाहेरच्या तंतूंना समांतर. ग्लुटराल्डिहाइडने नमुना पक्का करायची सोय नुकतीच झाली होती, म्हणून त्या टिकल्या तरी.

खरं भांडण इथून सुरू होतं. नलिका तंतूंना वाट दाखवतात, की दोघांची दिशा नुसतीच जुळते? २००१ च्या सुमारास मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपाचा उत्परिवर्ती वाण सापडला. तापमान तिशीकडे नेलं की त्याच्या नलिका विस्कटत, पेशी फुगत. पण सेल्युलोज बराच काळ आडवंच राही. ‘वाट दाखवणाऱ्यां’ना हा मोठा धक्का होता. मग २००६ मध्ये त्याच जातीच्या रोपात सेल्युलोज विणणारी यंत्रणा चमकत्या प्रथिनाने रंगवून जिवंत पेशीत पाहिली गेली. ती नलिकांच्या मार्गावरून मिनिटाला साधारण ३०० नॅनोमीटर वेगाने सरकत होती. वाद मिटला, असं अनेकांनी गृहीतच धरलं. घाईच झाली ती. त्याच प्रयोगात औषधाने नलिका मोडल्यावरही यंत्रणा चालतच राहिली आणि तिची वाटचाल पार बेशिस्त झाली नाही, याकडे मात्र फारसं कुणी बोट दाखवत नाही. यंत्रणा आणि नलिका यांना जोडणारं प्रथिन पुढे सापडलं. आज ‘नलिका दिशा देतात, पण सगळंच त्यांच्या हातात नाही’ इतपत एकमत आहे.

२००८ पासून उलट दिशेचा विचारही पुढे आला: भिंतीवर ताण ज्या दिशेने जास्त, त्या दिशेला नलिका स्वतःच वळतात.

खान्देशातल्या काळ्या जमिनीत हाच खेळ बोंडाच्या आत चालतो. फूल उमलतं त्याच दिवशी सरकीच्या सालीवरच्या साधारण चारातल्या एका पेशीला उभार येतो. दुसऱ्या दिवशी पिवळसर फूल गुलाबी पडतं, तोवर तिची वाढ सुरू झालेली असते. पंधरा दिवसांचं कच्चं बोंड चिरलं तर आत कापूस नसतो, ओला, बुळबुळीत पुंजका असतो; त्या वेळी नलिका अजून आडव्या असतात. साधारण तिसऱ्या आठवड्यात लांबणं मंदावतं, नलिका तिरक्या होतात आणि सेल्युलोजचे थर मळसूत्रासारखे चढतात. हे मळसूत्र मधूनमधून उलटं फिरतं. बोंड फुटून धागा वाळला की त्याला पीळ पडतो तो त्यामुळेच, आणि सूत कातता येतं ते या पिळामुळे. भिंत पुरती भरली नाही तर मायक्रोनियर (धाग्याची जाडी आणि पक्वता सांगणारा आकडा) उतरतो, भावही उतरतो.

धागा टोकाकडून वाढतो की अंगभर, यावर मात्र अजून दोन तट आहेत. परागकणातून फुटणाऱ्या परागनलिकेसारखी नुसती टोकाची वाढ मानली तर आडव्या नलिकांचं काम काय, ते सांगता येत नाही. नुसती अंगभर मानली तर निमुळत्या टोकाचा आणि तिथल्या अ‍ॅक्टिनचा (पेशीतल्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या धाग्यांचा) हिशेब लागत नाही.