बोंडअळीच्या वाटणीच्या पाच ओळी

गुलाबी बोंडअळीची चर्चा नागपुरात कुठेही सुरू होवो, सभागृहात किंवा कृषी केंद्राच्या पायरीवर, थोड्या वेळाने ती १२० ग्रॅमच्या एका पाकिटावर येतेच. बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत हे पाकीट मिळायचे. आत साधी, बीटी नसलेली सरकी. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त भरेल तेवढ्यावर ती लावायची, अशी बीटीला मिळालेल्या २००२ च्या परवानगीतली अट होती. पुष्कळ पाकिटे धुऱ्यावरच राहिली.

या ओळींना कागदावर नाव मिळाले ‘आश्रय ओळी’. शास्त्रज्ञ ‘रेफ्युजिया’ म्हणत, गावात त्याचे ‘रेफ्युजी’ झाले. निर्वासितांसाठीचा शब्द असा सरकीच्या पाकिटाला चिकटला आणि आश्रय नेमका कोणाला, हे त्यात हरवले. आपल्या पिकाला, असे कोणालाही वाटेल. द्यायचा होता तो अळीला. बीटीच्या झाडावर लाखात एखादी अळी तगते. तिचा पतंग झाला की त्याची गाठ साध्या कापसावर पोसलेल्या, बीटीने मरणाऱ्या कुळातल्या पतंगाशी पडावी, म्हणजे पुढची पिढी बीटीवर पुन्हा मरेल, असा हिशेब होता. साधा कापूसच नसला की तगलेल्याला तगलेलीच भेटते.

हिशेब चुकीचा नव्हता. पण कोरडवाहू पाच एकरवाल्याने त्यातले एक एकर किडीच्या तोंडी द्यायचे, आणि त्याची भरपाई कोणीच करायची नाही, हे कोणाच्या गळी उतरणार होते? शिवाय पाकिटातले बी नीट उगवत नाही, त्याचा फुलोरा मुख्य वाणाच्या फुलोऱ्याशी जुळत नाही, अशा तक्रारी होत्याच. शेतकऱ्यांनी अट पाळली नाही, हे वाक्य पुढे अहवालांतून इतक्या वेळा आले की अट पाळण्याजोगी होती का, हा प्रश्न मागेच पडला.

मग त्या पाकिटात तूरही चालेल असे ठरले. विदर्भात कपाशीत तुरीचे तास असतातच, त्यामुळे सगळेच खूश. घोळ इथे वाढला. अमेरिकन बोंडअळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटोही सोडत नाही. तिच्यासाठी तूर हा खरोखर आश्रय होता. गुलाबीचा संसार जवळपास सगळा कापसावर. तुरीच्या ओळी तिच्या कामाच्या नव्हत्या. ‘बोंडअळी’ या एका शब्दात दोन वेगळ्या सवयींच्या किडी बांधल्या की असे होते. ठिपक्यांची धरली तर तीन.

तेव्हा गुलाबीकडे फारसे लक्ष नव्हते, हेही मान्य करायला हवे. नव्वदच्या दशकात शत्रू होता अमेरिकन बोंडअळी. फवाऱ्यांना ती दाद देईनाशी झाली आणि बीटीची वाट मोकळी झाली. गुलाबी ही जुनी पाहुणी. भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून १८४३ मध्येच तिचे शास्त्रीय वर्णन झाले होते, आपल्याकडे तिला शेंदरी म्हणत. पण ती हंगामाच्या शेवटी यायची, तोवर कोरडवाहू वेचणी बहुतेक आटोपलेली असायची. ओलित वाढले, पऱ्हाटी म्हणजे कपाशीची झाडे फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवून फरदड, म्हणजे त्याच झाडांचे उशिराचे पीक, घेतली जाऊ लागली, आणि उशिरा येणाऱ्या किडीला भरपूर मुदत मिळाली. जिनिंगमध्ये साठलेल्या सरकीत दोन बिया जोडून आत झोपी जाणारी तिची अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, ते वेगळेच.

२००६ मध्ये विष तयार करणाऱ्या एका जनुकाऐवजी दोन जनुकांचे बीटी वाण आले. २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत एका जनुकाला न जुमानणारी गुलाबी सापडल्याचे तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीनेच सांगितले. पुढे चार-पाच वर्षांत तिथेच दुसरे जनुकही निकामी ठरू लागले. २०१७ ला पाळी विदर्भ-मराठवाड्याची. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले. ती फवारणी सगळी गुलाबीसाठी नव्हती. रसशोषक किडींचाही जोर होता. बातम्यांत मात्र दोन्ही एकच झाले.

संकरित वाणांचा मुद्दा त्या वर्षानंतर नागपुरात जास्त मोठ्याने बोलला जाऊ लागला. अमेरिका-ऑस्ट्रेलियात बीटी सरळ वाणांतून, म्हणजे ज्यांचे बी राखून पुन्हा पेरता येते अशांतून, आले, आपल्याकडे संकरितांतून. संकरित झाडाच्या बोंडात सगळ्या सरक्या सारख्या नसतात. एका जनुकाचे पाहिले तर साधारण चारातल्या तीन विषारी, एक बिनविषारी. बोंडाच्या आत बसून सरकी खाणाऱ्या अळीला असा मिसळीचा घास मिळतो आणि तिला विषाची सवय लागायला मदत होते. माझ्या मते पाच ओळींच्या वादापेक्षा हा मुद्दा वजनदार आहे. अमेरिकेने मात्र बीटीच्या जोडीला वांझ पतंग सोडून आणि कामगंध, म्हणजे नराला भुलवणारा मादीचा कृत्रिम गंध, वापरून २०१८ मध्ये गुलाबी हटवल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे कामगंध सापळे लागले. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले की फवारा, हा आकडा गावोगाव पोहोचला. जूनच्या आधी बियाणे विकू नये असे बंधन आले, डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने न उमलणारी फुले, तोडून नष्ट करा म्हणून सांगणे सुरू झाले. नर पतंगाला मादी सापडू नये म्हणून पऱ्हाटीला गंधाच्या दोऱ्या बांधण्याचे प्रयोगही झाले.

आणि ते पाकीट गेले. आता पिशवी ४७५ ग्रॅमची, साधी सरकी आतच मिसळलेली. कोणते बी कोणते हे पेरणाऱ्याला ओळखू येत नाही, त्यामुळे धुऱ्यावर टाकायला काही उरले नाही. मात्र २० टक्क्यांचे साधारण पाच झाले, आणि तेही अळी दोन्ही जनुकांना सरावल्यावर.