‘ते तसंच होणार होतं’: नियतत्ववाद आणि दैववाद

16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल झाला. मतपत्रिकेवरचं फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. फोंडा, डिचोली, पेडणे इथल्या मराठी घरांत हा विषय आजही निघतो आणि बोलता बोलता कुणीतरी म्हणतं, ‘ते तसंच होणार होतं.’

या वाक्याआड दोन अगदी निरनिराळी मतं असू शकतात. सासष्टी तालुक्यातलं विलीनीकरणाविरुद्धचं जोरदार मतदान, त्याच बाजूने मराठीतूनच लिहिणारं दैनिक ‘राष्ट्रमत’, गायक उल्हास बुयांव यांची गाणी, विलीनीकरण हवं असलेल्या बांदोडकर सरकारने कौलाआधी दिलेला राजीनामा, हे सगळं जमेस धरलं तर दुसरा निकाल लागणं शक्यच नव्हतं, असं बोलणाऱ्याच्या मनात असेल. किंवा असं असेल की निकाल लिहूनच ठेवलेला होता. सभा झाल्या नसत्या, गाणी गायली नसती, कुणी काहीही केलं असतं तरी तोच लागला असता. पहिलं मत नियतत्ववादाचं. प्रत्येक घटना आधीच्या कारणांतून घडते आणि कारणं तीच असतील तर घटनाही तीच घडते, असं तो म्हणतो. दुसरं मत दैववादाचं. घटना ठरलेली आहे, मग कारणं कोणतीही असोत.

‘ठरलेलं’ हा शब्द दोन्हीकडे येतो म्हणून घोटाळा होतो. प्रत्यक्षात दोघांचं एकमेकांशी जमत नाही. नियतत्ववादात गाणं, लेख, सभा ही निकालाची कारणं असतात. त्यातलं एक काढून घेतलं तर निकाल बदलू शकतो. दैववादात ती नुसती सजावट उरते. ‘सगळं कारणांनी घडत असेल तर माझ्या इच्छेला काय अर्थ?’ असं हताशपणे विचारणारी माणसं मला पुष्कळ भेटतात. ती बोलतात कार्यकारणभावाबद्दल, पण त्यांना भीती वाटत असते ती दैववादाची.

हा गोंधळ जुना आहे. प्राचीन ग्रीकांनी त्याला ‘आळशाचा युक्तिवाद’ असं नाव दिलं होतं. आजारी माणसाला कुणी सांगतो: बरं होणं तुझ्या नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय न बोलावला काय, तू बरा होशीलच, नसेल तर वैद्य आला तरी होणार नाहीस, मग वैद्य कशाला? आपल्याकडे हेच ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ या म्हणीत आलं आहे. या युक्तिवादाला उत्तर दिलं ते इ. स. पू. तिसऱ्या शतकातल्या क्रिसिपस या ग्रीक तत्त्वज्ञाने, आणि तो तर जगातली प्रत्येक गोष्ट कारणांच्या साखळीने बांधलेली आहे असं मानणारा. रोमन लेखक सिसरोने ते उत्तर नोंदवून ठेवलं आहे. काही गोष्टी जोडीनेच ठरलेल्या असतात, असं क्रिसिपस म्हणतो. रोगी बरा होणं ठरलेलं असेल, तर त्याने वैद्य बोलावणंही त्याच्याबरोबर ठरलेलं आहे. वैद्य गाळून नुसतं बरं होणं कुठेच लिहिलेलं नाही.

हे समजायला गोव्यातल्या चोडण, दिवाडी किंवा जुवे या बेटांवरच्या खाजन जमिनी, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेतं, बघाव्यात. मांडवी नदीतलं भरती-ओहोटीचं पाणी चंद्र-सूर्याच्या ओढीने वर-खाली होतं. कोणत्या दिवशी किती वाजता भरती येणार याचं वेळापत्रक कितीतरी आधी छापून मिळतं, इतकं ते नेमलेलं असतं. बांधाला मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारं दार, असते. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की तिची लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी रेटा देऊन ती उघडतं. इथे सगळं कार्यकारणाने चालतं, चमत्कार कुठेच नाही. तरी खारं पाणी शेतात शिरणार की नाही, हे बांध धड आहे का यावर ठरतं. आणि बांध धड राहणं हे गावातल्या लोकांनी वेळेवर चिखल-माती लावली का, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवली का यावर. उद्या एखादा शेतकरी म्हणाला, ‘कोरगुट पिकायचा असेल तर पिकेल, बांध दुरुस्त करा की करू नका,’ (कोरगुट म्हणजे खाजनातलं भात) तर त्याला कार्यकारणभाव कळला असं कुणी म्हणणार नाही. त्याने कारणांच्या साखळीतली नेमकी आपली कडी सोडून दिली. गोव्यात बांध फुटून शेतं पडीक गेल्याची उदाहरणं आहेत. भरती तिथे ठरल्या वेळीच आली होती. कमी पडली ती माणसं. माणसं कमी का पडली यालाही कारणं आहेत, मजुरी, कुळांचे आणि मालकांचे वाद, शेती सोडून गेलेली पिढी. पण ती कारणं आहेत म्हणूनच त्यांच्यावर इलाज करता येतो.

भारतात हा वाद बुद्ध-महावीरांच्या काळातच पेटला होता. आजीवक पंथाचा मक्खलि गोशाल हा पक्का नियतिवादी, म्हणजे वरच्या अर्थाने दैववादी. माणसाचा पुरुषार्थ, बळ, वीर्य यांनी काहीच होत नाही, असं त्याचं मत बौद्ध आणि जैन दोन्ही ग्रंथांत नोंदलेलं आहे. ‘उवासगदसाओ’ या जैन आगमात सद्दालपुत्त नावाच्या कुंभाराची गोष्ट आहे. तो आजीवकांचा अनुयायी. महावीर त्याला विचारतात, ही मडकी प्रयत्नाने होतात की प्रयत्नावाचून? प्रयत्नावाचून, सगळं नियत आहे, असं तो सांगतो. मग महावीर विचारतात, कुणी ही मडकी चोरली, फोडली, तुझ्या बायकोची अब्रू घेतली तर काय करशील? कुंभार म्हणतो, त्याला शिव्या देईन, मारीन, जीवही घेईन. यावर महावीर म्हणतात, सगळं नियतच असेल तर त्याने काहीच केलेलं नाही, मग मारशील कुणाला? मला हा प्रसंग तत्त्वज्ञानातल्या उत्तम प्रसंगांपैकी एक वाटतो. दैववाद तोंडाने मांडता येतो, पण संध्याकाळपर्यंत त्याप्रमाणे वागता येत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत. त्यात दैव पाचवं आहे आणि कर्ता त्याच यादीत आधी आला आहे. पुढे कृष्ण अर्जुनाला बजावतो की तुझी प्रकृतीच तुला लढायला लावील, आणि चार श्लोकांनी म्हणतो, ‘यथेच्छसि तथा कुरु’. काहींना ही विसंगती वाटते. मला नाही वाटत. अर्जुनाची इच्छा त्याच्या प्रकृतीतून उगवते, म्हणूनच ती त्याची इच्छा आहे.

मग स्वतंत्र कशाला म्हणायचं? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये दिलेलं उत्तर मला अजूनही पटतं. स्वातंत्र्याच्या उलट जबरदस्ती असते, कारण नव्हे. सावकाराच्या धाकाने घर लिहून देणारा आणि चार रात्री विचार करून घर विकणारा, दोघांच्याही सहीमागे कारणं आहेत. पण दुसऱ्याच्या बाबतीत कारणं त्याच्या विचारातून, त्याला काय महत्त्वाचं वाटतं यातून वाट काढत आली. पहिल्याच्या बाबतीत ती त्याच्या विचाराला चिरडून गेली. कारणच नसलेला निर्णय जास्त स्वतंत्र असेल, असं समजणाऱ्यांनी तो कसा असेल याची कल्पना करून बघावी. आईच्या आजारपणासाठी पुण्याची नोकरी सोडून गोव्यातल्या साखळी गावी परत आलेल्या मुलीला ‘का आलीस?’ विचारलं आणि तिच्या येण्यामागे खरोखर काहीच नसलं, तर ते तिचं येणंच राहत नाही. पुंजभौतिकीतल्या (क्वांटम फिजिक्समधल्या) यदृच्छेने, म्हणजे निव्वळ योगायोगाने, इथे मदत होत नाही ती याचमुळे. अणूच्या पातळीवर एखादी गोष्ट अकारण घडली, तर ती माझ्या हातून घडली असं काही होत नाही.

देवळात कौल लावणाऱ्यांना सरसकट दैववादी म्हणतात, तेही मला पटत नाही. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, हे बघणारा माणूस बहुधा ‘मी काय करू?’ असं विचारत असतो. करण्यासारखं काही आपल्या हातात आहे, हे त्या प्रश्नातच गृहीत आहे. पाकळीला ते ठाऊक असतं का, हा प्रश्न वेगळा.

एक अडचण मात्र उरते, आणि ती लहान नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ पीटर व्हॅन इनवॅगन यांनी 1983 मध्ये ती नेटकी मांडली. माझ्या जन्माआधीचा भूतकाळ माझ्या हातात नाही. निसर्गाचे नियम माझ्या हातात नाहीत. नियतत्ववाद खरा असेल तर माझी आजची कृती या दोहोंतूनच निघते. मग ती तरी माझ्या हातात कशी? यावर ‘मला वेगळं हवं असतं तर मी वेगळं केलं असतं’ हे उत्तर दिलं जातं. ते खरं आहे, पण मला जे हवं आहे तेच मला का हवं आहे, याचा माग काढत गेलं की आपण अशा घरात, अशा गावात, अशा मेंदूपाशी पोचतो जो कुणीच निवडलेला नसतो. इथे मी हार मानतो, पण अर्धीच. आपल्या सुरुवातीचे आपण निर्माते नाही, हे मान्य. मात्र या युक्तिवादाने माझा विचार साखळीबाहेर पडत नाही; त्याची मुळं माझ्या मागे जातात, इतकंच तो दाखवतो. दैववाद मात्र विचारालाच बाद करतो.

या अर्ध्या हारेचा परिणाम शिक्षेच्या प्रश्नावर होतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने कुणाला उडवलं, तर त्याचा परवाना जावा, भरपाई त्याच्याकडून घेतली जावी, गरज पडली तर तो तुरुंगात जावा. या गोष्टी त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या पुढच्या निर्णयांत कारण म्हणून उतरतात, आणि ज्याचा विचार असा बदलू शकतो त्यालाच जबाबदार धरण्यात अर्थ असतो. पण त्याने यातना भोगाव्यात, त्यातून कुणाचं काहीही भलं होवो न होवो, या इच्छेला मला कुठेच आधार सापडत नाही.