कोकणातील संगीत महोत्सव व कलाशिक्षण संस्था

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा या किनारी पट्ट्यात नफ्याचा हेतू न ठेवता संगीत महोत्सव भरवणाऱ्या व मुला-तरुणांना कला शिकवणाऱ्या संस्था. महोत्सव थंडीच्या दिवसांत, वर्ग बारमाही, अशी त्यांच्या कामाची साधारण वाटणी असते. वर्तमानपत्रात छापून येतो तो महोत्सव. मात्र निरनिराळ्या संगीत परंपरांची देवाणघेवाण मंचापेक्षा वर्गात अधिक होते, हे या किनाऱ्याचा इतिहास पाहिल्यास दिसते.

हंगाम पावसाने ठरवून दिलेला आहे. भातकापणी उरकली की सिंधुदुर्गात देवळांच्या जत्रा आणि त्यांबरोबर दशावतार सुरू होतो. उघड्यावरच्या मैफलीही त्याच सुमारास. वाद्यांना मात्र इथली हवा कधीच मानवत नाही. दमटपणाने तबल्या-पखवाजाची पुडी सैलावते, तानपुऱ्याच्या तारा गंजतात, पेटीचे स्वर चिकटतात. दुसरी अडचण कायद्याची आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्या जागी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे पहाटेपर्यंत रंगणाऱ्या मैफली बंदिस्त नाट्यगृहाबाहेर उरल्या नाहीत आणि दरबारी, मालकंस यांसारखे उत्तररात्रीकडे झुकणारे राग घड्याळ पाहून आटोपते घ्यावे लागतात. नियम रास्त आहे, पण त्याची किंमत संगीताने मोजली आहे.

जागांची निवड बोलकी असते. रत्नागिरीत आर्ट सर्कल या संस्थेचा महोत्सव थिबा राजवाड्याच्या आवारात होतो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे रत्नागिरीत ठेवले. त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास हा वाडा बांधला गेला आणि १९१६ मध्ये त्याचे इथेच निधन झाले. परक्या राजाच्या बंदिवासाची ही जागा आता ख्यालगायन ऐकण्यासाठी भरते. जुने गोवे येथील मोंते टेकडीवरच्या चॅपेलमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने होणाऱ्या महोत्सवात पाश्चात्त्य व हिंदुस्थानी अभिजात संगीत शेजारी शेजारी ऐकायला मिळते.

शिक्षणाची परंपरा याहून बरीच जुनी आहे. पोर्तुगीज अमलात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचणे, समूहगान आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथे तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदाचा कणा ठरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. वडील चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख. मुलाने मुंबईत १९५८ मध्ये राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा मोठा प्रयोग केला. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. गावच्या चर्चमधला धडा असा देशभर पोचला. याच गोव्याने केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या हिंदुस्थानी संगीतातल्या थोर गायिका दिल्या, हेही विसरता येत नाही. आज पणजीच्या कला अकादमीत, म्हणजे सरकारी संस्थेत, भारतीय व पाश्चात्त्य संगीताची स्वतंत्र विद्यालये आहेत, तर २००९ मध्ये सुरू झालेली चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन ही संस्था गरीब घरांतील मुलांना व्हायोलिन, चेलो यांसारखी वाद्ये शिकवते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात चित्र निराळे आहे. एका बाजूला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा, दुसऱ्या बाजूला वाडीवाडीतली भजनी मंडळे. भजनातला पखवाज शिकणारे पोर आधी वाद्याला हात लावत नाही; हातावर टाळी धरून ‘धा धा दिं ता, किट धा दिं ता’ तोंडपाठ करते. मग बुवा त्याच्याकडून कणीक मळवून घेतात, धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या पुडीवर, थापायला. जाड थर बसला की आवाज दबतो, पातळ झाला की खर्ज गळतो, आणि हा अंदाज कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात लिहिलेला नाही. दहावीला शास्त्रीय कला व लोककलांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून वर्गांची संख्या वाढली, हे खरे. त्यातली बरीच मुले दहावीनंतर दिसत नाहीत, हेही तितकेच खरे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातील चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची, आणि कळसूत्री बाहुल्यांची कला घरच्या घरीच पुढच्या पिढीकडे जाते. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर ती बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक झाली.

महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी सहसा १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम अशा दोन्हींखाली होते. संस्थेसाठी किमान सात सदस्य लागतात. ते गोळा करणे सोपे, दरवर्षीचा हिशेब धर्मादाय कार्यालयात वेळेवर पोचवणे अवघड. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखालील परवानगी वेगळी. त्यामुळे लहान संस्था तिकडे फिरकत नाहीत आणि मुंबईतल्या चाकरमान्यांच्या वर्गणीवर भिस्त ठेवतात. गणपतीला गावी आलेला चाकरमानी नवी पेटी किंवा टाळांचे जोड आनंदाने देतो. शिक्षकाच्या मानधनासाठी वर्गणी काढायची म्हटली की मात्र हात आखडतो, आणि वर्ग बंद पडतात ते बहुधा याच कारणाने.