कोकण किनाऱ्यावर विहिरीचे पाणी तपासून घेताना : अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

गुहागर, देवगड, वेंगुर्ले अशा किनारी तालुक्यांत मे महिन्यात विहिरीचे पाणी मचूळ लागू लागते आणि पावसाळा सुरू झाला की त्याच विहिरीत वरचे घाण पाणी झिरपते. म्हणून तपासणी वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि पावसाळ्यात, करून घेणे योग्य. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत ही सोय आहे.

सार्वजनिक विहिरीचे किंवा नळयोजनेचे नमुने ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाठवतो. शंका असल्यास ग्रामस्थाने ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करून पोच घ्यावी. खासगी विहीर किंवा बोअरवेल असल्यास आपण स्वतः शुल्क भरून नमुना देऊ शकतो.

अर्जासोबत ओळखपत्राची प्रत ठेवावी. परंतु खरे महत्त्व अर्जातील तपशिलाला आहे. गाव, वाडी, विहिरीची खोली, समुद्र किंवा खाडीपासूनचे अंतर, नमुना घेतल्याची तारीख व वेळ यांबरोबरच जवळपास जमिनीखाली काय साठवले आहे, म्हणजे सेप्टिक टँक, शोषखड्डा वा पेट्रोल पंपाची टाकी, हे आवर्जून लिहावे. जांभ्याच्या भेगांतून पाणी वेगाने वाहते आणि नीट गाळले जात नाही, त्यामुळे शेजारच्या आवारातील शोषखड्डासुद्धा दुर्लक्षित करण्याजोगा नसतो.

रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच विहिरीच्या पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावा. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणावी, ती विसळू नये, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये आणि बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावी. विहिरीत टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची पूड) टाकल्यावर लगेच घेतलेला नमुना फसवा ठरतो, कारण त्यात जंतू तात्पुरते दिसत नाहीत.

अहवालात आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी तुलना असते. क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत चालते. नायट्रेटला 45 च्या पुढे सवलत नाही आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) मुळीच आढळता कामा नये. मे महिन्यात क्लोराइड वाढले असेल तर उपसा कमी करणे हाच पहिला उपाय आहे, कारण समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर तिच्याखाली सुमारे 40 मीटर गोडे पाणी तरलेले असते, असे ढोबळ गणित आहे आणि वरची पातळी घसरली की खालून खारे पाणी त्याच एकास चाळीस प्रमाणात वर चढते.

पाण्याला पेट्रोल-डिझेलचा वास येत असेल किंवा वर रंगीत तवंग दिसत असेल, तर प्रकरण वेगळे आहे. असे पाणी पिणे आणि स्वयंपाकाला वापरणे तत्काळ थांबवावे, कारण तेल पाण्यावर तरंगत असले तरी त्यातील काही घातक घटक पाण्यात विरघळतात व उकळण्यावर विसंबून चालत नाही. यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संबंधित कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी, प्रत तहसीलदारांना द्यावी, आणि तवंगाची छायाचित्रे व वास प्रथम आल्याची तारीख जोडावी. नेहमीच्या तपासणीत पेट्रोलजन्य घटक मोजले जात नाहीत, त्यामुळे त्या चाचणीची मागणी अर्जात स्वतंत्रपणे करावी लागते आणि नमुना काचेच्या बाटलीत, आत हवा न ठेवता, काठोकाठ भरून द्यावा लागतो.