'खटॅक' आली कुठून आणि गेली कुठे

दिवाळीच्या सुट्टीत अंबाजोगाईहून भाच्याचा फोन आला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेतला होता. त्याचा जुना कॅनन १३००डी, दोन लेन्स, दोन बॅटऱ्या आणि बॅग असं सगळं तो पंधरा हजारांत द्यायला तयार होता. "मामा, घेऊ का नको, एवढंच सांगा. समोरचा लई मागं लागलाय." तेवढंच सांगून फोन ठेवता आला असता. पण त्याचा पुढचा प्रश्न नेमका होता: "चांगला चालू कॅमेरा माणूस एवढ्या स्वस्तात काढून का टाकतो? काहीतरी खोट असंल ना?"

खोट काही नाही. त्या कॅमेऱ्यात एक आरसा आहे, आणि तो ज्या कामासाठी बसवला होता ते काम संपून बरीच वर्षं झालीत.

फिल्म आंधळी असते. ती प्रकाश साठवते, पण काय साठवतेय ते त्या क्षणी कुणाला दाखवू शकत नाही. फोटो काढेपर्यंत तिला अंधारातच ठेवावं लागतं. मग लेन्समधून काय दिसतंय ते फोटो काढणाऱ्याला कळणार कसं? सुरुवातीच्या पेटीएवढ्या कॅमेऱ्यांत मागे दुधी काच लावायची, डोक्यावर काळं कापड घ्यायचं, काचेवरचं उलटं चित्र जुळवायचं, आणि मग काच बाजूला करून तिथे प्लेट सरकवायची. हा सगळा सोपस्कार मराठवाड्याने फार लवकर पाहिला. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रासच्या सैन्यातल्या रॉबर्ट गिलला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला धाडलं. तो तिकडेच रमला, पुढे त्याने कॅमेराही हातात घेतला, आणि १८६४ मध्ये अजिंठा-वेरूळची त्याने काढलेली छायाचित्रं लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली. वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्याच्या रंगीत नकला मात्र १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. माणसाचं नशीब.

त्याच लेण्यांत दारातल्या उन्हाची तिरीप आरशाने आत फेकून भिंतीवरची चित्रं दाखवायची रीत आपल्याकडे होती. कॅमेऱ्यातला आरसा करतो तेही असंच काहीसं: लेन्समधून आलेला प्रकाश फिल्मकडे जाऊ न देता वळवून डोळ्याकडे नेतो, आणि ऐन फोटोच्या क्षणी वाटेतून बाजूला होतो. १९३६ च्या किने एक्झाक्टा या जर्मन कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरच्या फिल्मसाठी ही व्यवस्था आली. त्यात मान खाली घालून वरून बघावं लागे आणि डावं उजवीकडे दिसे. १९४९ च्या कॉन्टॅक्स एसने वर पाच बाजूंचा काचेचा लोलक, म्हणजे पेंटाप्रिझम, बसवला आणि चित्र सरळ झालं. तरी एक त्रास उरलाच. फोटो काढला की आरसा वरच राहायचा आणि रोल पुढे सरकवेपर्यंत डोळ्यासमोर अंधार. १९५४ मध्ये जपानच्या 'आसाही' कंपनीने, म्हणजे आपण जिला पेंटॅक्स म्हणून ओळखतो तिने, लगेच खाली परतणारा आरसा आणला. मग १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि पुढची कित्येक दशकं वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर याच घडणीचे कॅमेरे गळ्यात अडकवून हिंडले.

'खटॅक' हा आवाज तिथला. आरसा वर, पडदा (शटर) उघड-बंद, आरसा खाली. लग्नाच्या मांडवात आपल्याला तो फोटो निघाल्याची पावती वाटतो.

पुढे फिल्म गेली आणि तिच्या जागी प्रकाश टिपणारी इलेक्ट्रॉनिक चिप, म्हणजे सेन्सर, आला. सेन्सर आंधळा नाही. त्याला काय दिसतंय ते तो त्याच क्षणी सांगू शकतो. म्हणजे ज्या अडचणीवर आरसा हा तोडगा होता ती अडचणच संपली. तरी आरसा आणखी वीसेक वर्षं टिकला, आणि त्याला कारणं होती. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या एफ३ला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर जोडून कॅमेरा विकायला काढला, तेव्हा फोटो साठवायची पेटी वेगळी खांद्याला अडकवावी लागायची. अशा सेन्सरने सतत 'बघत' राहावं म्हटलं तर बॅटरी आणि उष्णता, दोन्हींचा हिशेब बसेना. कॅमेऱ्यामागचे स्क्रीनही बेताचेच. शिवाय आरशाच्या मदतीने होणारा फोकस झटपट व्हायचा. आरशातून थोडा प्रकाश खाली एका वेगळ्या फोकस-सेन्सरकडे जाई, आणि लेन्स कुठल्या दिशेला किती फिरवायची ते त्याला एका नजरेत कळे. मुख्य सेन्सरवरून फोकस करायचा तर लेन्स पुढे-मागे हलवून, चाचपडत करावा लागे. अंधारात भिंत धरून दार शोधावं तसं. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे लोकांच्या कपाटातल्या लेन्स. कॅननचा ईएफ माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची खोबण, १९८७ पासूनचा, निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. बॉडी बदलली तरी लेन्स चालल्या पाहिजेत, म्हणून आरशाची जागा सोडणं भाग होतं.

'एंट्री लेव्हल', म्हणजे नवशिक्याला परवडणारा डीएसएलआर (आरसेवाला डिजिटल कॅमेरा), हा प्रकार सुरू झाला २००३ मध्ये. कॅननचा ३००डी, ६.३ मेगापिक्सेल, अमेरिकेत हजार डॉलरच्या आत. त्याआधी डीएसएलआर म्हणजे मोठ्या वर्तमानपत्रांची चैन होती. निकॉनचा डी७०, डी४०, मग डी३१०० आणि कॅननचा ११००डी, अशी रांग लागली आणि तालुक्याच्या गावापर्यंत डीएसएलआर पोचला. आपल्याकडे त्याने काय बदललं ते स्टुडिओवाल्यांना विचारावं. ३६ फोटोंचा रोल असताना फोटोवाला मोजून बटण दाबायचा. हळद, अक्षता, सप्तपदी, पाठवणी असे ठरलेले फोटो काढायचा, पंगतीचा एखादा, बाकी 'राहू द्या'. रोल धुवायला जिल्ह्याला जायचा आणि अल्बम यायला महिना लागायचा. कार्ड आल्यावर एका लग्नात दोन हजार फोटो निघू लागले. त्यातून कॅन्डिड, करिज्मा अल्बम आणि देवगिरीच्या पायथ्याशी प्री-वेडिंग हे सगळं उगवलं.

पण स्वस्ताईची किंमत कुठेतरी वसूल होतेच. काचेचा पेंटाप्रिझम जड आणि महाग, म्हणून या कॅमेऱ्यांत त्याजागी आतून पोकळ, आरसेच जोडलेला पेंटामिरर आला. म्हणून १३००डीच्या खिडकीत डोळा घातला की बोगद्याच्या टोकाला चित्र दिसावं तसं लहान आणि थोडं मंद दिसतं. त्यातही फोटोत येणाऱ्या चित्राचा साधारण ९५ टक्केच भाग. कडेला उभा असलेला काका खिडकीत नसतो आणि फोटोत असतो. फोकसचे बिंदू ९, त्यातला भरवशाचा फक्त मधला. मला राग येतो तो याचा, की २००६ च्या ४००डीलाही ९ बिंदू होते आणि २०१८ च्या १५००डीलाही ९च. त्याच २०१८ मध्ये त्याच कंपनीने ईओएस आर हा मिररलेस आणला आणि त्यात फोकससाठी निवडता येणाऱ्या ५,६५५ जागा होत्या. खालच्या पायरीवरच्या गिऱ्हाईकाला बारा वर्षं शिळंच वाढलं.

मिररलेसची गोष्ट वेगाने सांगतो, कारण ती वेगानेच घडली. २००८ मध्ये पॅनासॉनिक जी१, २०१० मध्ये सोनीचे नेक्स. तेव्हा जाणकारांनी त्यांना खेळण्यात काढलं, आणि सुरुवातीच्या फोकसचा वेग पाहता ते अगदीच चूक नव्हतं. खरा फरक पडला तो फोकस-सेन्सरचं काम मुख्य सेन्सरवरच होऊ लागल्यावर. २०१३ मध्ये कॅननच्या ७०डीत प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून हे साधलं. गंमत अशी, की ७०डी स्वतः आरसेवालाच होता. २०१४ च्या सोनी ए६००० मध्ये सेन्सरवर असे १७९ बिंदू होते आणि सेकंदाला ११ फोटो निघत. चाचपडणं संपलं आणि आरशाची उरलेली सबबही संपली. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघेही फुलफ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या, मिररलेसमध्ये उतरले, २०२० मध्ये जपानी कंपन्यांच्या मालात मिररलेसची संख्या पहिल्यांदा डीएसएलआरच्या पुढे गेली, आणि २०२१ च्या शेवटी कॅननच्या प्रमुखांनी सांगून टाकलं की १डी एक्स मार्क ३ हाच आपला शेवटचा अव्वल डीएसएलआर. अंबाजोगाईचा माणूस आपला संच पंधरा हजारांत का काढतोय, याचं उत्तर इथे आहे.

मी स्वतः आधी १३००डी वापरला आणि आता कॅननचाच २०२३ चा मिररलेस आर५० वापरतो, म्हणजे एकाच घरातली थोरली-धाकटी पाती. वजनात १३००डी ४८५ ग्रॅम, आर५० ३७५. मेगापिक्सेल १८ आणि २४. या आकड्यांनी फार हुरळू नये. दुपारच्या उजेडात काढलेला फोटो मोबाइलवर पाहिला तर कुठला कशाने काढला ते मलाही ओळखू येत नाही.

फरक कळतो तो पैठणला. हिवाळ्यात नाथसागराच्या काठावर मी जुन्या कॅमेऱ्याने उडते पक्षी टिपायचो, म्हणजे मधला बिंदू पक्ष्यावर धरून ठेवायची धडपड करायचो. पक्षी बिंदूवरून जरा सरकला की फोकस मागच्या पाण्यावर. शंभरात सात-आठ बरे निघाले तरी मी खूश. नव्यात पक्षी ओळखायची सोय आहे. तो चौकटीत कुठेही असो, छोटा चौकोन त्याच्या मागे पळतो. ही कमाई माझी नाही, यंत्राची आहे, हे कबूल करून टाकतो. व्हिडिओतही तसंच. १३००डीमध्ये चालत्या व्हिडिओत फोकस आपोआप धरला जात नाही, आणि आज लग्नवाल्यांना अल्बमआधी रील लागतो.

अजिंठ्यात मात्र मला वेगळाच धडा मिळाला. फ्लॅशला बंदी आणि आत उजेड जेमतेम, तेव्हा नवा कॅमेरा इथे बाजी मारणार असं धरून गेलो. सेन्सर चांगलाच, यात वाद नाही. पण आर५० सोबत मिळणारी १८-४५ ही लेन्स एफ ४.५ पासून सुरू होते आणि पूर्ण झूमला ६.३वर जाते (हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). जुनी १८-५५ होती ३.५ ते ५.६. म्हणजे सेन्सरने कमावलं त्यातलं थोडं लेन्सने घालवलं. मी शेवटी जुनीच ५० मिलिमीटरची एफ १.८ फिक्स लेन्स अडॅप्टरवर चढवली आणि काम झालं. ती चढते कशी, तेही आरशामुळेच. जुन्या माउंटमध्ये लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर लागे, कारण मध्ये आरसा हलायचा. नव्यात ते २० मिलिमीटर आहे. मधली २४ मिलिमीटर भरून काढणारी नळी लावली की जुनी लेन्स आपल्या जागी बसते. नवी लेन्स जुन्या बॉडीवर मात्र जाणार नाही, कारण अंतर वाढवता येतं, कमी कुठून करणार? म्हणून जुन्या लेन्सवर घातलेले पैसे बुडत नाहीत.

जुन्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. खिडकीतून बघताना त्याची बॅटरी जवळजवळ खर्चच होत नाही. कंपनीच्या मोजणीत एका बॅटरीवर ५०० फोटो, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ. मिररलेसच्या खिडकीत सेन्सरनेच टिपलेलं चित्र छोट्या स्क्रीनवर दिसतं, त्यामुळे त्याचा डोळा सतत जागा, म्हणून वस्तीवरच्या लग्नात दुपारभर लाइट नसली की मी तीन बॅटऱ्या खिशात बाळगतो. धुळीचंही तसंच. उन्हाळ्यात आपल्या रस्त्यांवर जो फुफाटा उडतो, त्यात लेन्स बदलायची वेळ आली तर डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे आरसा आणि पडदा असतो. बहुतेक स्वस्त मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर थेट उघडा. मी गाडीच्या काचा वर करून, पदराआड करावं तसं उपरण्याआड लेन्स बदलतो.

आणि आवाज. हरिनाम सप्ताहात कीर्तनकार बुवांनी अभंगाच्या चरणावर क्षणभर थांबावं, मांडव चिडीचूप व्हावा, आणि नेमकी तेव्हाच माझी खटॅक व्हावी, असं एकदा घडलंय. पुढच्या दोन रांगा वळून बघत होत्या. आर५० पूर्ण मुका करता येतो. पण त्या मुक्या पद्धतीत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे वेगात फिरणाऱ्या संबळाच्या काठीला बाक येतो आणि मंगल कार्यालयातल्या एलईडी दिव्यांचे पट्टे नवरीच्या शालूवर उमटतात. तिथे मी आवाज चालू ठेवतो.

भाच्याला मी 'घे' म्हटलं. शिकायला आणि फोटोपुरता तो संच उत्तम आहे, रील करून कमवायचं असेल तर थांब, हेही सांगितलं. घेण्याआधी लेन्समध्ये उजेड धरून बुरशी बघ, एफ १६वर आभाळाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग मोज, शटर किती वेळा उडालंय ते विचार.

घेतला त्याने. चौदा हजारांत तोडला, वर एक ट्रायपॉड मागून आणला. संध्याकाळी पहिला फोटो पाठवला: आई अंगणात ज्वारी निवडत बसलेली, आणि फोटो जवळजवळ काळा. व्हिडिओ बघून त्याने कॅमेरा थेट मॅन्युअलवर, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते आपणच ठरवायच्या पद्धतीवर, टाकला होता. लगोलग फोन आला.

"मामा, असं कसं? खिडकीतून तर लख्ख दिसत होतं की."