टॉवर बंद पडल्यावर: आपत्तीतल्या वायरलेसची पार्श्वभूमी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत अनेकांचे मोबाइल नुसते हातात राहिले. जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणच्या पुरात आधी वीज गेली, मागोमाग टॉवर. अशा प्रत्येक प्रसंगानंतर वॉकीटॉकीची चौकशी वाढते आणि पहिला प्रश्न असतो, किती वॅट, किती किलोमीटर? खरं तर आधी विचारायला हवं की पलीकडे ऐकणारं कोण आहे आणि मध्ये डोंगर किती आहेत.

ऐकणाऱ्याचा धडा सगळ्यात जुना. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडत असताना जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजावरचा एकुलता एक रेडिओ ऑपरेटर झोपला होता. त्याहून दूरच्या कार्पेथियावर हॅरल्ड कॉटम योगायोगाने अजून हेडफोन लावून बसला होता, म्हणून ७०० हून अधिक लोक वाचले. सागरी सुरक्षेच्या १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारात अखंड रेडिओ पहाऱ्याची अट आली ती त्यातूनच. गावात किंवा सोसायटीत चार संच घेतले, तर दर तासाची पहिली पाच मिनिटं ठरलेल्या चॅनलवर सगळे ऐकतील हे लिहून भिंतीवर लावा. महागड्या अँटेनापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

हातात मावणारे संच दुसऱ्या महायुद्धात आले. मोटोरोलाचा एससीआर-५३६ हा सव्वादोन किलोंचा हातसंच एएम पद्धतीचा होता आणि जमिनीवर त्याचा पल्ला जेमतेम दीड किलोमीटर. पाठीवर बांधायचा एससीआर-३०० एफएमवर चाले. एफएममुळे खरखर गेली, पण एक नवी अडचण आली, ती आजच्या हातसंचांतही आहे. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला पुसून टाकतो. मलब्याखालून हाक मारणाऱ्याचा आवाज शेजारच्या स्वयंसेवकाच्या गप्पांत विरून जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून एकच नियंत्रक नेमायचा, तो सांगेल त्यानेच बोलायचं. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो बहुधा नावाचा किंवा जागेचा असतो.

भारतात हॅम रेडिओचं, म्हणजे परवानाधारक हौशी बिनतारी मंडळींचं, मोल कळलं ते मोठ्या आपत्तींत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आणि २६ जानेवारी २००१ ला भूज हादरल्यावर हॅम मंडळींनी संपर्काची बाजू सांभाळली. डिसेंबर २००४ मध्ये हॅम ऑपरेटर भारती प्रसाद यांचं पथक हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होतं. त्सुनामीनंतर त्यांच्याच संचांवरून हजारहून अधिक किलोमीटर दूरच्या मुख्य भूमीशी निरोपांची ये-जा झाली. हे काम एचएफचं, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरींचं. या लहरी आयनांबराकडून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराकडून) परत फिरतात, त्याहून वरच्या वारंवारतेच्या व्हीएचएफ-यूएचएफ लहरी साधारण सरळ रेषेतच जातात.

सरळ रेषेचा हिशेब सोपा आहे. अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून ४.१ ने गुणलं की सपाटीवरचं रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. दीड मीटरवर धरलेल्या संचाला ते पाच किलोमीटर, दोन्हीकडचं मिळून दहा. काँक्रीटच्या वस्तीत एक-दोन किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. पाच वॅटचे दहा वॅट करून फार फरक पडत नाही. तोच संच गच्चीवर नेला तर मात्र फरक पडतो. कोकणातल्या दरीतून घाटमाथ्यापलीकडे व्हीएचएफ पोहोचवायला रिपीटर, म्हणजे ऐकलेला आवाज उंचावरून पुन्हा पाठवणारा संच, लागतो. त्यालाही वीज हवी आणि त्याचा सब-टोन (आवाजासोबत जाणारा, रिपीटरला जागा करणारा खुणेचा सूर) आपल्या संचात भरलेला हवा. तो विसरला की समोरचा ऐकू येतो, पण आपला आवाज रिपीटर घेतच नाही.

रिपीटर नसेल तर ७.१ मेगाहर्ट्झवर दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तारेचा डायपोल (मधोमध संचाला जोडलेला तारेचा अँटेना), जमिनीपासून तीन ते पाच मीटरवर ताणायचा. इतका खाली असल्याने लहर जवळपास सरळ वर जाते आणि दिवसा डोंगरापलीकडे दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरते. शंभर वॅटचा एचएफ संच बोलताना सुमारे २० अँपिअर ओढतो, त्यामुळे ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर शक्ती दहा-वीस वॅटवर आणावी.

हॅमचं हे सगळं परवान्यासह. १९७८ च्या हौशी सेवा नियमांनुसार परीक्षा द्यावी लागते. बिनपरवाना पर्याय दोन. २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड ५ वॅटपर्यंत खुला आहे, पण त्याचा पाव लहर (लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाचा) अँटेना पावणेतीन मीटरचा होतो, म्हणून आखूड रबरी अँटेनाचे हातसंच त्यावर निराशा करतात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर तोच अँटेना १७ सेंटिमीटरचा, त्यामुळे सोसायटी किंवा ट्रेकसाठी हेच घ्यावेत. ऑनलाइन बाजारात या पट्ट्याबाहेरचे संच सर्रास विकले जात. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. घेताना वारंवारता आणि ईटीए (उपकरणाला सरकारी मान्यता असल्याचं) प्रमाणपत्र पाहा. पेन्सिल सेल चालणारा संच मिळाला तर तो आधी घ्या, कारण वीज गेल्यावर चार्जर कामाचा नसतो.