दवाखान्याच्या आवारात मेडिकल काढायचं तर : परवाना कुणाला लागतो आणि कसा मिळतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या आरोग्य केंद्रात मी मेडिकल सांभाळते. डी. फार्म. (फार्मसीची पदविका) होऊन घरी बसलेली मुलं, त्यांचे वडील, कधी दुसऱ्या संस्थेचे कार्यकर्ते येतात आणि विचारतात, ‘मॅडम, आमच्याकडंही दवाखान्यातच मेडिकल टाकायचं आहे, काय काय लागते?’ प्रत्येकाला मी तेच सांगत असते, म्हणून एकदा लिहूनच काढते.

आधी हे बघा, की तुम्हाला परवाना लागतो का. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जी औषधाची खिडकी असते, तिला विक्रीचा परवाना लागत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. त्या नियमांच्या शेड्यूल ‘के’मध्ये, म्हणजे सवलतींच्या यादीत, सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था चालवत असलेल्या दवाखान्यांना ही सूट आहे. पण सूट म्हणजे मोकळं रान नाही. औषध पात्र माणसाच्या देखरेखीखालीच द्यायचं, नीट साठवायचं, आणि औषध निरीक्षक आले तर दाखवायचं. तिथं औषध निर्माण अधिकारी नेमलेले असतात ते त्यासाठीच. आशाताई आणि अंगणवाडीताई गोळ्या वाटतात, तीही याच शेड्यूलमधली सवलत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, त्यामुळे त्या खिडकीवर पैसे घ्यायचा प्रश्नच येत नाही.

त्याच आवारात कुणी खासगी दुकान टाकलं, जनऔषधी केंद्र (केंद्र सरकारच्या योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान) काढलं, किंवा आमच्यासारख्या संस्थेनं आपल्या आरोग्य केंद्रात औषधं विकायला ठेवली, की परवाना लागतोच. ‘आमची संस्था धर्मादाय आहे, आम्ही नफा घेत नाही’ हे कारण चालत नाही. नुसती आयुर्वेदिक औषधं विकायची असतील तर मात्र विक्रीचा परवाना लागत नाही.

किरकोळ विक्रीसाठी अर्ज करायचा तो फॉर्म १९ मध्ये, अन्न व औषध प्रशासनाकडं, ऑनलाइन. तपासणी आणि मंजुरी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे) कार्यालयातून होते. परवाने दोन घ्यायचे. फॉर्म २० साध्या औषधांसाठी, आणि फॉर्म २१ लस, सीरम, इन्सुलिन, इंजेक्शनं अशा शेड्यूल सी आणि सी-१ मधल्या औषधांसाठी. प्रत्येकी १,५०० म्हणजे दोन्हींचे मिळून ३,००० रुपये. पैसे वाचवायला फक्त फॉर्म २० घेऊ नका. साप, कुत्रा, साखर हे आपल्याकडचे रोजचे पेशंट, आणि त्यांची इंजेक्शनं फॉर्म २१ शिवाय ठेवता येत नाहीत.

जागा किमान १० चौरस मीटर हवी, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. कागदांपैकी जागेचा कागद गावात सगळ्यात जास्त अडतो. शहरातल्यासारखा मालमत्ता पत्रकाचा उतारा इथं बरेच ठिकाणी नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, आणि त्यावर बरेचदा आजोबांचं नाव तसंच राहिलेलं असतं. अर्जाच्या आधी ते नाव दुरुस्त करून घ्या. जागा संस्थेची असेल तर विश्वस्तांचा ठराव, भाड्याची असेल तर भाडेकरार, आणि सरकारी आवारातली असेल तर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी. सोबत मापांसह नकाशा, अर्जदाराचं ओळखपत्र आणि फोटो, भागीदारी असेल तर करारपत्र, संस्था असेल तर नोंदणीपत्र, फ्रिजच्या खरेदीचं बिल, आणि फार्मासिस्टचे कागद. शॉप अ‍ॅक्टचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं, काम वेगळं आणि सोपं आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणं (२०२५ च्या दुरुस्तीनंतर) वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते.

आता फार्मासिस्ट. परवाना दुकानाच्या नावानं निघतो, पण तो टिकतो फार्मासिस्टवर. दुकानदार स्वतः फार्मासिस्ट असला पाहिजे असं नाही, त्यानं एक नेमला तरी चालतो. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डी. फार्म. आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण, किंवा बी. फार्म., आणि महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडं चालू असलेली नोंदणी. नूतनीकरण राहून गेलं असेल तर अर्ज तिथंच थांबतो. नेमणूकपत्र आणि फार्मासिस्टचं संमतीपत्र दोन्ही द्यायचं. एक फार्मासिस्ट एकाच वेळी दोन दुकानांत दाखवता येत नाही.

सर्टिफिकेट भाड्यानं देणं-घेणं आपल्याकडं किती चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. मीही कॉलेजातून निघाल्या निघाल्या एका दुकानाला माझा कागद देणार होते. महिन्याला घरबसल्या पैसे मिळणार होते. वडिलांनी नको म्हटलं. त्यांचं म्हणणं किती बरोबर होतं ते पुढं कळलं. एक आजी बीपीच्या गोळ्या घ्यायला आली. हातात दोन पाकिटं.

‘बाई, या गोळ्या त लाल पाकिटात येत होत्या ना व. आता ह्या पांढऱ्या भेटल्या. मी पांढरी सकाळी खातो, लाल संध्याकाळी.’

दोन्ही पाकिटांवर औषध एकच होतं, अम्लोडिपिन. कंपनी वेगळी. आजी तीन आठवडे दुप्पट डोस घेत होती, पायावर सूज होती, उठताना डोळ्यांपुढं अंधारी येत होती. सिस्टरांनी बीपी पाहिला, डॉक्टरांनी एक पाकीट बंद केलं. पांढरं पाकीट जिथून घेतलं त्या दुकानात भिंतीवर फार्मासिस्टचं सर्टिफिकेट टांगलेलं होतं, पण फार्मासिस्ट तिथं बसत नव्हता. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं, असं नियम ६५ सांगतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ तेच सांगतं.

फ्रिजबद्दल. तपासणीला साहेब आले की पहिल्यांदा फ्रिज उघडतात. आत थर्मामीटर हवा आणि तापमान २ ते ८ अंश हवं. पाण्याची बाटली, डबा, दही काहीही नको. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात लाइन जाते. इन्सुलिन आणि रेबीजची लस उन्हात तापली की दिसायला तशीच राहते, काम करत नाही. म्हणून फ्रिजला इन्व्हर्टर द्या आणि दिवसातून दोनदा तापमान वहीत लिहा. सर्पदंशाचं औषध घेताना पावडरच्या स्वरूपातलं मागा. पातळ औषधाला सतत थंडी लागते, पावडरीचं तसं नाही. बाकी गोळ्यांवरही ‘२५ किंवा ३० अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं असतं, तेव्हा टिनाच्या छताखाली सीलिंग न करता दुकान टाकू नका.

जनऔषधी केंद्र काढायचं असेल तर औषध परवाना वरच्यासारखाच, त्याशिवाय योजनेचा वेगळा अर्ज. जागा १२० चौरस फूट मागतात. अर्जाचे ५,००० रुपये परत मिळत नाहीत. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, माजी सैनिक आणि आकांक्षित (केंद्र सरकारनं मागास म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यांतले अर्जदार यांना ते माफ आहेत. विदर्भात गडचिरोली आणि वाशिम हे दोन जिल्हे आकांक्षित यादीत आहेत.

दुकान सुरू झाल्यावर परवाना सगळ्यांना दिसेल असा लावायचा. बिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहायची, प्रती किमान दोन वर्षं जपायच्या. पाकीट कापून चार गोळ्या द्यायच्या असतील तर ज्या टोकाला बॅच आणि मुदत छापली आहे ते टोक शेवटपर्यंत राखा, दुसऱ्या टोकाकडून कापत या. शेड्यूल एच-१ मधली औषधं, म्हणजे टीबीची औषधं, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, जोरदार अँटिबायोटिक, यांचं वेगळं रजिस्टर असतं. त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे. ते तीन वर्षं ठेवायचं. टीबीचा रुग्ण तुमच्याकडून औषध नेत असेल तर त्याची माहिती सरकारला कळवणं मेडिकलवाल्यालाही बंधनकारक आहे. मुदत संपलेला माल वेगळ्या खोक्यात, वर ठळक लिहून.

परवान्याचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण आता उरलेलं नाही. २०१७ पासून पाच वर्षांनी फक्त शुल्क भरायचं असतं. उशीर झाला तर महिन्याला दोन टक्के जास्त, आणि सहा महिनेही भरलं नाही तर परवाना रद्द धरतात. फार्मासिस्ट बदलला तर एका महिन्यात कळवायचं. परवाना निलंबित किंवा रद्द झालाच तर आदेशापासून तीन महिन्यांत राज्य सरकारकडं अपील करता येतं. निरीक्षकांचा शेरा लिहायची वही फॉर्म ३५ मध्ये असते. तपासणीची वाट न पाहता ती पहिल्याच दिवशी काउंटरच्या वरच्या खणात ठेवा.